गाडी घरी आली, आता काय? मोटरहोमवाल्यांचे प्रश्न, आमची उत्तरं

मे महिन्याच्या सुट्टीत मोटरहोम, म्हणजे राहण्या-झोपण्याची सोय असलेली गाडी, घेऊन निघालेली कुटुंबं आता परतू लागली आहेत आणि या सदराकडे येणाऱ्या पत्रांचा विषयही बदलला आहे. निघण्याआधी सगळे रस्त्याबद्दल विचारतात. परतल्यावर प्रश्न येतात ते कुबट वासाचे, गळतीचे, उतरलेल्या बॅटरीचे आणि सोसायटीतल्या जागेचे. मुंबईत मोसमी पाऊस पोहोचण्याची सर्वसाधारण तारीख ११ जून. म्हणजे मेअखेरीस परतलेल्या गाडीला कोरडं व्हायला जेमतेम दोन आठवडे मिळतात. त्यानंतरच्या चार महिन्यांत सांताक्रूझला सरासरी २,३०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. म्हणून या वेळच्या उत्तरांत पाणी आणि ओल यांना सगळ्यात जास्त जागा दिली आहे.

प्रश्न : राजस्थान आणि कच्छ करून ३२ दिवसांनी आम्ही रात्री एक वाजता मुलुंडला पोहोचलो. मुलं झोपलेली, सगळे थकलेले. गाडी तशीच कुलूप लावून ठेवली आणि चार दिवसांनी उघडली तर आत उभं राहवेना. पोहोचल्या रात्री किमान काय करायलाच हवं?

उत्तर : अर्ध्या तासाचं काम आहे. ते झाल्याशिवाय गाडीला कुलूप लावू नका. सामान चार दिवस गाडीत पडून राहिलं तरी चालेल, ओल मात्र एक रात्रही राहू देऊ नये.

सर्वांत आधी सिलिंडरचा कॉक बंद करा. मग फ्रिज रिकामा करून बंद करा आणि दार दोन बोटं उघडं राहील असा कपड्याचा बोळा फटीत अडकवा. फ्रिजचं दार बंद राहिलं तर रबराच्या घडीत दोन दिवसांत काळी बुरशी धरते आणि तो वास पुढे महिनोन् महिने जात नाही. कचरा, कांदे-बटाटे, उघडी बिस्किटं, ओले टॉवेल, पायपुसणी आणि ओल्या चपला त्याच रात्री खाली उतरवा. टॉयलेटची कॅसेट, म्हणजे मैला साठणारी टाकी, त्याच रात्री रिकामी करा. ती कुठे करायची ते पुढच्या एका उत्तरात दिलं आहे. सांडपाण्याच्या टाकीत भांड्यांचं खरकटं पाणी असतं आणि मेमधल्या उकाड्यात ते एका दिवसात आंबतं. टाकी रात्री रिकामी करणं शक्य नसेल तर निदान सिंक आणि बाथरूमच्या जाळीवर बूच घट्ट बसवा, म्हणजे वास आत येणार नाही.

मुलांच्या गाद्या भिंतीपासून ओढून कडेवर उभ्या करा. रात्रभर माणसं झोपली की गादीच्या खालच्या बाजूला घामाची आणि श्वासाची वाफ गोठते. गादी फळीवर आडवी राहिली तर ती बाजू सुकतच नाही. शेवटी छताची खिडकी बोटभर उघडी ठेवा, बॅटरीचा मास्टर स्विच बंद करा आणि झोपायला जा. बाकी सगळं सकाळी.

तुमच्या गाडीतला वास आता घालवायचा असेल तर सुगंधी फवारे मारू नका. एक बादली कोमट पाण्यात चार चमचे खायचा सोडा घालून फ्रिज, सिंकखालचं कपाट आणि फरशी पुसा. दारं-खिडक्या उघडून टेबलफॅन लावा आणि तीन दुपारी गाडी अशीच वाळवा.

प्रश्न : पिण्याच्या टाकीतल्या पाण्याला मातीसारखा वास येतो. टाकी १०० लिटरची आहे. वाटेत मिळेल तिथे, बोअरचंसुद्धा पाणी भरलं होतं. व्हिनेगर घालून धुवावी असं एकाने सांगितलं, दुसऱ्याने ब्लीच सांगितलं. दोन्ही घातलं तर?

उत्तर : दोन्ही एकत्र कधीही घालू नका. क्लोरीन आणि आम्ल एकत्र आले की क्लोरीन वायू सुटतो, आणि मोटरहोमसारख्या बंद जागेत तो जिवावर बेतू शकतो.

वास येतो तो टाकीच्या आणि नळ्यांच्या आतल्या भिंतीवर बसलेल्या बुळबुळीत थरामुळे. नुसतं पाणी बदलून तो थर निघत नाही. क्लोरीनने निघतो, पण प्रमाण आणि वेळ दोन्ही पाळावे लागतात.

आधी टाकी आणि गिझर पूर्ण रिकामे करा. गिझर थंड झाल्यावरच त्याचा ड्रेन कॉक उघडा. पाणी गाळायची कार्ट्रिज काढून ठेवा, कारण त्यातला कोळसा क्लोरीन शोषून घेतो आणि पुढच्या नळीला काहीच मिळत नाही. पंपाच्या आधी बसवलेली पारदर्शक गाळणी उघडा. कच्छच्या प्रवासानंतर तिच्यात चमचाभर रेती सापडणं अगदी नेहमीचं आहे. ही रेती पंपाच्या झडपेत अडकली की नळ बंद असतानाही पंप मधूनमधून सुरू होतो आणि लोक उगाच नवीन पंप घेतात.

आता ५ टक्के सोडियम हायपोक्लोराइटचं द्रावण घ्या. सुगंध किंवा साबण मिसळलेलं नको. प्रमाण लिटरला १ मिलिलिटर, म्हणजे पाण्यात लिटरमागे ५० मिलिग्रॅम क्लोरीन होतं. तुमच्या १०० लिटरच्या टाकीला, गिझर आणि नळ्या धरून, ११० मिलिलिटर पुरतं. ते आधी बादलीभर पाण्यात मिसळा, टाकीत ओता आणि टाकी काठोकाठ भरा. बाटलीवरची तारीख ताजी हवी, कारण मुंबईच्या उष्णतेत हायपोक्लोराइट झपाट्याने कमजोर होतं. ब्लीचिंग पावडर स्वस्त पडते, पण तिचा चुन्यासारखा गाळ नळ्यांत बसतो. ती इमारतीच्या टाकीला ठीक आहे, गाडीला नको.

एकेक नळ उघडा, थंड आणि गरम दोन्ही, शॉवरसुद्धा. प्रत्येक ठिकाणी क्लोरीनचा वास आला की नळ बंद करा. चार तास तसंच राहू द्या. मग सगळं सोडून द्या आणि दोन वेळा स्वच्छ पाण्याने टाकी भरून रिकामी करा. तरी वास उरला तर तिसऱ्यांदा. बोअरच्या पाण्याने गिझरमध्ये क्षार धरले असतील तर तो वेगळ्या दिवसाचा उद्योग ठेवा. क्लोरीनचा मागमूस राहिला नसेल आणि गिझरची टाकी स्टेनलेस स्टीलची असेल, तरच लिटरला ५० ग्रॅम लिंबूसत्त्व घालून ते पाणी दोन तास गिझरमध्ये ठेवा आणि भरपूर पाण्याने धुऊन काढा.

पुन्हा निघेपर्यंत टाकी रिकामीच ठेवा. सगळे कॉक उघडे ठेवा, नळ मधल्या स्थितीत ठेवा आणि बाहेर उघडणाऱ्या प्रत्येक नळीच्या तोंडाला बारीक जाळी बांधा. तळाशी राहिलेलं पेलाभर पाणीही डासांना पुरतं.

प्रश्न : टॉयलेटची कॅसेट मुंबईत कुठे रिकामी करायची? सोसायटीच्या गेटबाहेर गटार आहे.

उत्तर : त्या गटारात नाही. मुंबईत पावसाचं पाणी आणि मैलापाणी यांच्या वाहिन्या वेगळ्या आहेत. रस्त्याकडेच्या पावसाळी गटारातलं पाणी कसलीही प्रक्रिया न होता नाल्यातून खाडीत आणि समुद्रात जातं.

१७ ते २० लिटरची सुटी कॅसेट असेल तर ती सरळ घरच्या संडासात रिकामी करा. एकदम नाही, तीन-चार हप्त्यांत, आणि प्रत्येक हप्त्यानंतर फ्लश. ओतताना हवेचं बटण दाबून धरा, नाहीतर गचके बसून शिंतोडे उडतात. मग पाच लिटर पाणी घालून कॅसेट हलवा, पुन्हा ओता, दोनदा. तिच्यात ब्लीच घालू नका. लघवीतल्या अमोनियाशी त्याची गाठ पडली की डोळे आणि छाती जाळणारा वायू तयार होतो, शिवाय रबरी सील कडक होतं. सीलला सिलिकॉन ग्रीसचा पातळ हात द्या. व्हॅसलीन लावू नका, त्याने रबर फुगतं. कॅसेट साठवताना वरचं पातं उघडं ठेवा. बंद ठेवलं तर ते सीलला चिकटतं आणि पुढच्या सहलीत पहिल्याच दिवशी सील फाटतं.

सोसायटीत स्वतःचा मैलापाणी प्रक्रिया प्रकल्प असेल तर फॉर्मल्डिहाइड असलेली निळी रसायनं वापरू नका. त्या प्रकल्पातलं काम जिवाणू करतात आणि हे रसायन त्यांना मारतं. एन्झाइमची पावडर घ्या.

गाडीत पक्की बसवलेली मोठी टाकी असेल तर सेप्टिक टँक उपसणारी गाडी बोलवा. सोसायटीच्या सफाई कामगाराच्या हाती बादली देऊन हे काम करून घेऊ नका. हाताने मैला साफ करून घेण्यावर २०१३ च्या कायद्याने बंदी आहे, आणि कायदा नसता तरी कुणालाही असं काम सांगू नये. रिकामी करूनही काटा 'भरली' दाखवत असेल तर सेन्सरवर कागदाचा लगदा चिकटला आहे असं समजा. टाकी पाऊण भरा, भांड्यांच्या साबणाचं अर्धं पेलाभर द्रावण घाला, दहा किलोमीटर गाडी फिरवा आणि मग उपसून घ्या.

प्रश्न : परतताना खंडाळ्याच्या घाटात वळवाचा पाऊस लागला आणि छताच्या पंख्याजवळून दोन थेंब टपकले. नंतर बंद झाले. गॅरेजवाला म्हणतो सिलिकॉन मारून देतो. पुरेल का?

उत्तर : दोन थेंब खाली आले याचा अर्थ छताच्या थरांत त्याहून कितीतरी जास्त पाणी आहे. मोटरहोमचं छत आणि भिंती सँडविचसारख्या असतात. बाहेर ॲल्युमिनियम किंवा फायबरचा पत्रा, मध्ये थर्माकोलसारखा फोम आणि लाकडाच्या पट्ट्या, आत प्लाय. पाणी एका जागी शिरतं, पट्टीच्या बाजूने वाहत जातं आणि तिसऱ्याच जागी टपकतं. म्हणून थेंब पडला त्याच्या नेमक्या वरच्या जागी सीलंट मारलं तर अर्ध्या वेळा गळती तशीच राहते.

आधी ओल किती पसरली आहे ते पाहा. पंख्याच्या चौकटीभोवती, खिडक्यांच्या खालच्या कोपऱ्यांत आणि कपाटांच्या मागे अंगठ्याने दाबा. प्लाय दबत असेल, लॅमिनेटला फुगे आले असतील किंवा कोपरा तपकिरी झाला असेल तर ओल जुनी आहे. दोन टोकं टोचायचं लाकडाचं ओलमापक मिळतं, ते विकत घ्या. १५ टक्क्यांच्या खाली ठीक, १५ ते २० मध्ये दर आठवड्याला पुन्हा मोजा, २० च्या वर असेल तर पाणी शिरतं आहे असंच धरा. आकडे कागदावर गाडीचं चित्र काढून त्यात लिहून ठेवा. पुढच्या वर्षी ते चित्र उपयोगी पडतं.

मग जागा शोधा. एक जण आत टॉर्च घेऊन, एक जण बाहेर पाण्याची नळी घेऊन. पाणी खालून वर मारत जा. आधी खिडकी, मग बाजूचा सांधा, मग छताची कड, मग पंखा. प्रत्येक ठिकाणी दहा मिनिटं, नळीचा जोर साधा ठेवून. वरून सुरुवात केली तर पाणी सगळ्यावरून वाहतं आणि दोष कशाचा ते कळत नाही. प्रेशर वॉशर सांध्यांवर मुळीच मारू नका, तो चांगलं सीलंटही उखडतो.

आता सिलिकॉनचं. दुकानात सहज मिळणारं, व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन इथे चुकीचं आहे. त्यातलं ॲसेटिक आम्ल ॲल्युमिनियमला खातं. शिवाय एकदा सिलिकॉन लागलं की त्यावर दुसरं कुठलंही सीलंट धरत नाही, आणि पुढचा कारागीर तासन् तास ते खरवडत बसतो. योग्य पद्धत अशी : पंख्याची चौकट स्क्रू काढून पूर्ण उचला. जुना थर प्लास्टिकच्या पट्टीने खरवडा, कारण लोखंडी पात्याने पत्र्याला ओरखडे पडतात. आयसोप्रोपिल अल्कोहोलने दोनदा पुसा. चौकटीखाली ब्यूटाइल टेपची सलग पट्टी द्या, टोकं एकमेकांवर सेंटिमीटरभर चढलेली. स्क्रू आमनेसामने थोडे थोडे आवळा, म्हणजे टेप सगळीकडे सारखी दबते. दुसऱ्या दिवशी पुन्हा हलकेच आवळा, कारण उन्हात टेप बसते. शेवटी चौकटीच्या कडेवर आणि प्रत्येक स्क्रूच्या डोक्यावर पॉलियुरेथेन किंवा छतासाठीचं खास सीलंट लावा. त्याला सुकायला २४ ते ४८ तास कोरडे हवेत. आभाळ भरून आलेल्या दिवशी हे काम हाती घेऊ नका.

आतला फोम भिजला असेल तर वरून बंद करण्याआधी तो सुकवावा लागतो. पंख्याच्या भोकातून हवा खेळू द्या, आत ओल शोषणारं विजेचं यंत्र चार-पाच दिवस चालवा आणि आकडा १५ च्या खाली आल्यावरच सील करा. ओल आत ठेवून वरून बंद केलेलं छत दोन पावसाळ्यांत कुजतं. असं झालेलं काम पुढे लाखाच्या घरात जातं, म्हणून हा एक खर्च आम्ही कधीही पुढे ढकलू देत नाही.

पावसाळ्यात गाडीवर निळी ताडपत्री घट्ट बांधायची पद्धत आहे, ती सोडा. खालून वाफ कोंडते आणि वाऱ्याने दोरी घासून रंग जातो. पाणी अडवणारं पण वाफ जाऊ देणारं कव्हर घ्या, किंवा वर पत्र्याची शेड आणि बाजू मोकळ्या ठेवा. आत कॅल्शियम क्लोराइडचे ओल शोषणारे डबे ठेवता येतात. एका मोटरहोमला किलोभर लागतं आणि जुलैमध्ये ते दोन-तीन आठवड्यांत भरतात. प्रत्येक डबा प्लास्टिकच्या घमेल्यात ठेवा. त्यात जमणारं खारं पाणी सांडलं तर लोखंड गंजतं. छतावर एसी असेल तर बंद करण्याआधी अर्धा तास नुसता पंखा चालवून कॉइल सुकवा.

प्रश्न : महिनाभराने गाडीत दिवाच लागला नाही. बॅटरी १५० एएचची (अँपिअर-तासांची) ट्यूब्युलर, सगळे दिवे बंद होते, छतावर सोलरही आहे. बॅटरी खराब निघाली का?

उत्तर : बहुधा नाही. गॅसचा अलार्म, स्टिरिओची मेमरी, जीपीएस ट्रॅकर, पंपाच्या स्विचवरचा छोटा दिवा, अशा वस्तू मिळून ०.२ अँपिअर खेचत राहतात. दिवसाला ४.८ एएच, तीस दिवसांत १४४. तुमची १५० ची बॅटरी तेवढ्यातच संपली. स्टिल्ट पार्किंगमध्ये, म्हणजे इमारतीखालच्या खांबांत, उभ्या गाडीच्या सोलरला ऊन मिळत नाही, त्यामुळे तो असून नसल्यासारखा.

बॅटरी सुटी करून इन्व्हर्टरच्या चार्जरवर पूर्ण चार्ज करा. चार्ज झाल्यावरच डिस्टिल्ड वॉटर घाला, आधी घातलं तर चार्ज होताना ते उतू जातं. चार्जर काढून बारा तासांनी व्होल्टेज मोजा. १२.७ च्या आसपास असेल तर बॅटरी शाबूत आहे. १२.४ च्या खाली बॅटरी आठवडेच्या आठवडे राहिली की प्लेटवर सल्फेटचे खडे कडक होतात आणि क्षमता कायमची जाते. म्हणून तुमच्यासारखी शिशाची बॅटरी साठवताना पूर्ण भरलेली, मास्टर स्विच बंद आणि महिन्यातून एकदा चार्ज. पाच मजले उतरून वायर टाकावी लागते ही अडचण खरी आहे, पण बॅटरी घरी नेऊन बाल्कनीत चार्ज करता येते. बंद खोलीत करू नका, हायड्रोजन सुटतो.

लिथियम आयर्न फॉस्फेटचं उलट आहे. ती ५० ते ६० टक्क्यांवर ठेवा, पूर्ण भरून चार्जरवर टांगून ठेवू नका.

सोसायटीच्या जिन्यातल्या किंवा कॉमन मीटरवरच्या सॉकेटमधून गाडीला वीज घेऊ नका. ते भांडणाचंही कारण होतं आणि धोक्याचंही. स्वतःच्या मीटरवरून, ३० मिलिअँपिअरच्या आरसीसीबीमागून (विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच), २.५ चौरस मिलिमीटरच्या वायरने घ्या, आणि वायरचं रीळ पूर्ण उलगडून ठेवा. गुंडाळलेली वायर तापून वितळते.

प्रश्न : गॅस सिलिंडर गाडीतच ठेवला तर चालेल का?

उत्तर : बेसमेंट किंवा पोडियमच्या पार्किंगमध्ये अजिबात नाही. एलपीजी हवेपेक्षा जड असतो, गळला की खाली साचतो आणि बेसमेंटमधून त्याला बाहेर वाट नसते. शेगडी पेटती ठेवून सिलिंडरचा कॉक बंद करा, ज्योत आपोआप विझेपर्यंत थांबा, म्हणजे नळीत गॅस उरत नाही. मग रेग्युलेटर काढून सिलिंडरला सुरक्षेची टोपी लावा आणि घरच्या हवेशीर बाल्कनीत तो उभा ठेवा. रबरी नळीवरची तारीख पाहा, पाच वर्षं झाली असतील तर बदला. खड्ड्यांच्या प्रवासानंतर प्रत्येक जोडाला साबणाचा फेस लावून पाहणं आवश्यक आहे. गळती वाटली तर १९०६ वर फोन करा.

प्रश्न : आमची गाडी आता ऑक्टोबरपर्यंत उभी राहणार. सोसायटीने कंपाउंडच्या भिंतीलगत जागा दिली आहे. टायर आणि इंजिनाचं काय? कोकणात किनाऱ्यावरही गाडी नेली होती.

उत्तर : किनाऱ्यावर नेली असेल तर टायरच्या आधी तळ धुवा. मिठाची रेती चॅसिसच्या पोकळ पट्ट्यांत, स्प्रिंगच्या पानांत आणि डिझेल टाकीच्या पट्ट्याखाली अडकते. वरून धुतलेली गाडी स्वच्छ दिसते आणि गंज आतून चालू राहतो. वॉशिंग सेंटरवर रॅम्पवर चढवून गोड्या पाण्याने पंधरा-वीस मिनिटं खालून धुऊन घ्या. चॅसिसची पाणी जायची भोकं तारेने मोकळी करा. जोराचा झोत बेअरिंगच्या सीलवर आणि वायरच्या प्लगवर नको. धुतल्यावर वीस मिनिटं गाडी चालवा आणि ब्रेक थोडे थोडे दाबत राहा म्हणजे ड्रम-डिस्क सुकतात. गंजाचे डाग तारेच्या ब्रशने घासून रस्ट कन्व्हर्टर, मग झिंक प्रायमर, मग चॅसिसचा काळा रंग. तळाला जळकं ऑइल फवारून देणारे अजून आहेत. त्यांना नको म्हणा. त्याने बुश आणि रबर सुजतात, आणि पहिल्या पावसात ते ऑइल सोसायटीच्या अंगणात आणि गटारात उतरतं.

टायरमध्ये गाडीच्या दारावरच्या पाटीप्रमाणे हवा भरा, साठवणीसाठी थोडी जास्त चालते, मात्र टायरच्या बाजूवर छापलेल्या कमाल आकड्याच्या आत. दर तीन-चार आठवड्यांनी गाडी फूटभर पुढेमागे करा, म्हणजे टायरचा तोच भाग दबून चपटा होत नाही. टायरच्या बाजूवरचे चार आकडे वाचा. २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. मोटरहोमचे टायर घासून संपण्याआधी वयाने संपतात. सहा-सात वर्षांच्या टायरच्या बाजूला बारीक चिरा दिसल्या तर नक्षी कितीही खोल असो, बदला.

सपाट जागा असेल तर हँडब्रेक ओढून ठेवू नका. दमट हवेत लायनर ड्रमला चिकटतात आणि ऑक्टोबरमध्ये चाक हलत नाही. गिअरमध्ये ठेवा आणि चारही चाकांना लाकडी गुटके लावा. डिझेलची टाकी जवळजवळ भरून ठेवा. रिकाम्या जागेत वाफ गोठून पाणी होतं, ते डिझेलमध्ये उतरतं. पुन्हा काढताना आधी फिल्टरखालचा पाण्याचा बोल्ट सोडा. बीएस ६ गाडी असेल तर डिझेल एक्झॉस्ट फ्लुइड (धूर स्वच्छ करणारं, वेगळ्या टाकीत भरायचं द्रावण) फार भरून ठेवू नका. ३० अंशांत ते साधारण वर्षभर टिकतं, ३५ अंशांत सहा महिने. इंजिन नुसतं पाच मिनिटं चालू करून बंद करण्याने फायद्यापेक्षा तोटा जास्त होतो. चालू करायचं तर अर्धा तास रस्त्यावर फिरवा.

भिंतीलगत म्हणजे उंदीर आलेच. तांदळाचा एक दाणाही आत ठेवू नका. तळातून वायर आणि नळ्या आत येतात तिथल्या फटी स्टील वूलने भरा. विषाच्या वड्या टाकू नका, उंदीर पॅनेलमागे जाऊन मरतो आणि तो काढायला अर्धी गाडी उघडावी लागते. पिंजरा लावा आणि बॉनेट आठवड्यातून एकदा उघडून पाहा.

पीयूसी आणि विमा या काळात संपत असतील तर संपू देऊ नका. विमा संपून ९० दिवस उलटले की नो क्लेम बोनस जातो.

प्रश्न : एका टोलनाक्यावर फास्टॅगमधून दोनदा पैसे गेले, दुसऱ्या एका नाक्यावर मिनीबसचा दर लावला. आता तक्रार करून उपयोग आहे?

उत्तर : आहे, पण लगेच करा. फास्टॅगचं विवरण काढा, प्रत्येक नाक्याची वेळ लिहा. टॅग देणाऱ्या बँकेकडे 'दोनदा कपात' आणि 'चुकीचा वर्ग' अशा दोन वेगळ्या तक्रारी नोंदवा. सोबत आरसीची प्रत आणि गाडीचा बाजूने काढलेला, नंबर आणि चाकांचे धुरे (ॲक्सल) दिसणारा फोटो द्या. राष्ट्रीय महामार्गावरचा नाका असेल तर १०३३ वरही नोंद करा. मात्र आधी आरसी नीट वाचा. बऱ्याच मोटरहोम मिनीबसच्या चॅसिसवर बांधलेल्या असतात, आणि तसं असेल तर तो दर बरोबर असू शकतो. उशिरा येणाऱ्या कपातींसाठी आणखी आठवडाभर टॅगमध्ये शिल्लक ठेवा. परराज्यातली ई-चलानंही याच आठवड्यात तपासून घ्या.

प्रश्न : पाच आठवडे फ्लॅट बंद होता. दार उघडल्यावर गटाराचा वास आला आणि बाथरूममध्ये झुरळं दिसली. प्लंबर बोलवू का? घरी पोहोचल्यावर आणखी काय पाहावं?

उत्तर : प्लंबर नको, आधी एक बादली पाणी घ्या. न्हाणीतल्या जाळीखाली वाकड्या नळीत पाण्याचा अडसर असतो. तो गटाराचा वास आणि झुरळं अडवतो. पाच आठवड्यांत ते पाणी उडून गेलं. बाथरूम, मोरी, बाल्कनी आणि वॉशिंग मशीनजवळच्या प्रत्येक जाळीत दोन लिटर पाणी ओता. पुढच्या वेळी निघताना पाण्यावर चमचाभर गोडंतेल सोडा, पाणी उडायचा वेग कमी होतो.

दार उघडल्यावर दिवा लावण्याआधी गॅसचा वास घ्या. वास आला तर कुठलंही बटण, पंख्याचंसुद्धा, न दाबता खिडक्या उघडा, बाहेर या आणि बिलावरच्या आपत्कालीन नंबरवर फोन करा.

सगळे नळ पाच मिनिटं वाहू द्या. ते पाणी बादलीत घेऊन फरशीला वापरा. गिझर पूर्ण गरम करून पहिलं पाणी सोडून द्या. आरओची साठवण टाकी दोनदा भरून रिकामी करा. पिंप, कुंडीखालच्या ताटल्या आणि कूलरची टाकी नुसती ओतू नका, आतून ब्रशने घासा. डेंग्यूच्या डासाची अंडी भांड्याच्या कडेला चिकटतात, महिनोन् महिने कोरडी टिकतात आणि पाणी लागलं की उबतात.

धर्मशाळेत किंवा लॉजवर एखादी रात्र काढली असेल तर बॅगा बेडरूममध्ये नेऊ नका. बाथरूमच्या फरशीवर उघडा, शिवणी आणि चेनच्या कडा टॉर्चने पाहा. ढेकणाचा संशय आला तर कपडे ६० अंशांच्या पाण्यात धुवा.

आणि घरातल्या ज्येष्ठांचे पाय पाहा. लांबच्या प्रवासाने दोन्ही पायांवर थोडी सूज येते आणि दोन दिवसांत उतरते. एकाच पायाची पोटरी सुजली, दुखली किंवा गरम लागली तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या. सोबत दम लागत असेल किंवा छातीत दुखत असेल तर वाट न पाहता थेट हॉस्पिटलमध्ये.